सोपाऱ्याची खाडी

वसईच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगताना आपण बहुधा १५३४ सालापासून आरंभ करतो. त्या वर्षी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला, आणि तेथून आपल्या धर्मग्रामांची, चर्चची आणि घराण्यांची कथा सुरू होते. परंतु त्याच्याही दोन शतके आधी याच भूमीवर ख्रिस्ती रक्त सांडले होते. १३२१ सालच्या एप्रिल महिन्यात तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रियस हे फ्रान्सिस्कन संघाचे चौघे जण ठाणे येथे हुतात्मे झाले. त्यांचा सहप्रवासी, डॉमिनिकन संघाचा फ्रेंच धर्मगुरू जॉर्डनस, त्या वेळी दुसऱ्या गावी गेला होता. दुःखद वर्तमान कळताच तो मागे फिरला. त्याने आपल्या सोबत्यांचे देह मिळवले आणि ते सोपाऱ्यास नेऊन तेथील प्रार्थनामंदिरात त्यांना मूठमाती दिली. पुढे दोन-तीन वर्षांच्या आत ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी आला आणि त्या हुतात्म्यांच्या अस्थी जहाजातून थेट चीनपर्यंत घेऊन गेला.

हे सारे वाचताना सोपाऱ्याचे नाव आपण सहज ओलांडून जातो. जॉर्डनसला ते देह सोपाऱ्यास का न्यावेसे वाटले? कारण सोपारा त्या काळी जाणत्या व्यापाऱ्यांचे, परदेशी वस्तीचे आणि जलमार्गाने जोडलेले गाव होते. आज नालासोपारा स्थानकावर उतरणाऱ्या माणसाला तेथे कधी बंदर होते असे सांगितले तर तो हसेल. समुद्र तेथून काही किलोमीटर पश्चिमेला आहे. मधल्या भागात इमारतींची रांग, थोड्या वाड्या आणि काळ्या पाण्याचे नाले. ज्या खाडीवर ते बंदर वसले होते ती खाडी कुठे गेली, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. तो प्रश्न भूगोलाचा आहे, तितकाच आपल्या पूर्वजांच्या आणि आपल्या नातवंडांच्या घरादाराचाही आहे.

शूर्पारक ते सोपारा

सोपाऱ्याचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. महाभारतात शूर्पारक म्हणून त्याचा उल्लेख येतो. परशुरामासाठी समुद्राने मागे सरून हा प्रदेश मोकळा केला, अशी ती कथा. कथेला इतिहास म्हणता येत नाही. पण कोकणच्या माणसाला आपल्या पायाखालची जमीन ही समुद्राकडून मिळालेली आहे असे फार पूर्वीपासून वाटत आले, एवढे तिच्यावरून नक्की दिसते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या वाटाड्या-ग्रंथात कल्याणच्या जोडीने सोपाऱ्याचे नाव आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलज्ञ टॉलेमी यालाही ते ठाऊक होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी उकरली, तेव्हा आत बौद्ध स्तूप सापडला. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या राजाज्ञेचा शिलाखंड तेथे उजेडात आला. १९५६ साली नवव्या राजाज्ञेचा तुकडा मिळाला तो आपल्या भुईगावात. राजाज्ञा कोरण्यासाठी राजा वर्दळीची जागा निवडतो. सोपारा आणि त्याचा परिसर ही इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशी जागा होती.

या बंदराचे वैशिष्ट्य असे की ते उघड्या समुद्रावर नव्हते. जुन्या नकाशांत वसई हे बेट म्हणून दाखवलेले असते. दक्षिणेस उल्हास नदीचे मुख, म्हणजे आजची वसईची खाडी. उत्तरेस वैतरणेचे मुख. पश्चिमेस अरबी समुद्र. आणि पूर्वेच्या बाजूने या दोन्ही मुखांना जोडणारी सोपाऱ्याची खाडी. समुद्रातून येणारे गलबत दक्षिणेच्या किंवा उत्तरेच्या मुखाने आत शिरे आणि बेटाच्या पाठीमागे, वाऱ्यालाटांपासून सुरक्षित अशा पाण्यात, नांगर टाकी. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा पिसाळला म्हणजे उघड्या किनाऱ्यावर होडीला थारा नसतो. खाडीच्या कुशीतले बंदर मात्र निर्धास्त असते.

पण जी कूस होडीला निवारा देते, तीच गाळालाही देते. तिच्या मरणाचे बीज येथेच होते.

खाडी कशावर जगते

भरतीचे पाणी दिवसातून दोनदा खाडीत शिरते आणि दोनदा बाहेर पडते. आपल्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक चार मीटरपर्यंत जातो, कधी त्याहूनही अधिक. भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. हे येणारे-जाणारे पाणी म्हणजे खाडीचा श्वास. आत शिरताना ते चिखल आणि बारीक रेती घेऊन येते. भरती पूर्ण झाल्यावर पाणी क्षणभर स्थिर होते, तेव्हा त्यातला गाळ खाली बसतो. तिवरांची मुळे तो धरून ठेवतात. ओहोटीला पाणी वेगाने बाहेर पडू लागले म्हणजे ते तळ खरवडते आणि मुखाशी साचलेली वाळू समुद्रात ढकलून देते. पावसाळ्यात डोंगरावरून आलेल्या पुराची त्याला जोड मिळते.

मुखाच्या बाहेर दुसरेच काम चालू असते. लाटा किनाऱ्यावर तिरक्या आपटतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सरकत राहते. नदीच्या मुखाशी ती अडखळते आणि तेथे वाळूचा दांडा वाढू लागतो. लाटांनी मुख बुजवायचे आणि ओहोटीने ते उपसायचे, अशी ही अखंड ओढाताण आहे. कोण जिंकणार, हे एका साध्या गोष्टीवर ठरते. आत किती पाणी मावते? मॉरो ओब्रायन या अमेरिकन अभियंत्याने १९३१ साली पॅसिफिक किनाऱ्यावरील खाड्यांची मोजमापे मांडून दाखवून दिले की, खाडीच्या मुखाचा विस्तार तिच्यात प्रत्येक भरतीला शिरणाऱ्या पाण्याच्या प्रमाणात असतो. आत पाण्याला पसरायला जागा भरपूर असेल तर मुख रुंद आणि खोल राहते. ती जागा कमी केली की बाहेर पडणारे पाणी कमी होते, त्याचा जोर ओसरतो, आणि मुख आपोआप आक्रसते. कोणी मुखाला हातही लावलेला नसतो.

ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे सोपाऱ्याचे कोडे उलगडू लागते. सोपाऱ्याची खाडी दोन मुखांना जोडणारी होती. अशा खाडीत भरती दोन्ही टोकांनी शिरते आणि मध्ये कुठेतरी दोन्ही पाणी समोरासमोर येऊन थबकते. त्या थबकण्याच्या जागी गाळ सर्वाधिक बसतो. निसर्ग ही खाडी हळूहळू भरून काढीतच होता. माणसाने त्या कामाला हातभार लावला.

कोकणातला शेतकरी खाजणाकडे फार पूर्वीपासून आशेने पाहत आला आहे. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीभोवती चिखलाचा बांध घालायचा, त्याला लाकडी झडपेची उघाडी बसवायची, दोन-चार पावसाळे गोड्या पाण्याने जमीन धुऊ द्यायची, आणि मग तेथे खारट मातीत तग धरणारे भात पेरायचे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत अशा जमिनींसाठी शिलोत्रीची वहिवाट होती. गोव्यातली खाजने आणि त्यांची ‘मानस’ ही झडपेची दारे हाच वारसा सांगतात. जेथे भात होईना तेथे मिठागरे झाली. राज्यकर्ते बदलले तरी खारबंदिस्तीला प्रोत्साहन देण्याचे धोरण बदलले नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली आणि पुन्हा १९७९ साली खारजमिनींसाठी कायदे झाले. बांध घालणाऱ्या त्या माणसांना दोष देण्याचे कारण नाही. भुकेल्या घरासाठी त्यांनी समुद्राच्या तोंडातून घास काढला, आणि त्यांच्या उघाड्या निदान पावसाचे पाणी बाहेर जाऊ देत. परंतु प्रत्येक बांधाने खाडीच्या श्वासातला थोडा वाटा कमी केला. अनेक शतकांत, अनेक बांधांनी, होड्यांची वाट नाल्याएवढी झाली.

व्यापाराने याची दखल इतिहासकारांच्या आधी घेतली. जहाजे मुखाकडे सरकली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपला कोट उभारला तो सोपाऱ्यास नव्हे, तर वसईच्या खाडीच्या ऐन तोंडाशी. उत्तरेकडे वैतरणेच्या बाजूला आगाशीला जहाजे बांधली जात. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पुढे इंग्रजांचे राज्य आले, आणि मोठ्या जहाजांनी मुंबईचे खोल बंदर पत्करले. १८६४ साली रेल्वे मुंबईपर्यंत पोहोचल्यावर माल रुळांवरून जाऊ लागला. भगवानलालांनी स्तूप उकरला तेव्हा सोपारा हे भाजीपाल्याच्या वाड्यांचे साधे गाव उरले होते. ज्या प्रार्थनामंदिरात जॉर्डनसने आपल्या सोबत्यांना पुरले, त्याची खूण आज कोणी दाखवू शकत नाही.

इतरत्र हेच घडले

ही केवळ आपल्याच वाट्याला आलेली गोष्ट नाही. गोव्याच्या कदंब राजांची राजधानी गोपकपट्टण जुवारी नदीच्या काठी होती. ते बंदर गाळाने निकामी होत गेले आणि वस्ती मांडवीच्या काठी सरकली. तेच पुढचे जुने गोवे. युरोपातील ब्रूज शहराचे उदाहरण तर सोपाऱ्याचे जुळे भावंड म्हणावे असे आहे. ११३४ साली समुद्राच्या वादळाने तेथे एक खोल खाडी उघडली आणि त्या खाडीमुळे ब्रूज हे उत्तर युरोपातील श्रीमंत बाजारपेठ झाले. मग शेतकऱ्यांनी आणि मठांनी खाडीकाठच्या दलदली बांध घालून शेतीखाली आणल्या. पाण्याचा फैलाव घटला, गाळ वाढला, आणि इसवी सन १५०० च्या सुमारास जहाजे अँटवर्पकडे वळली. शेत मिळाले, बंदर गेले.

आपल्या पवित्र ग्रंथात आणि संतचरित्रांत येणारी बंदरेही या नियमातून सुटलेली नाहीत. संत पौलाने ज्या इफिस नगरात सुवार्ता सांगितली ते भरभराटीचे बंदर होते. आज त्याचे अवशेष समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत आहेत. ज्या मिलेत बंदरात त्याने इफिसच्या वडीलमंडळींचा अश्रूंनी निरोप घेतला, त्याच्या भोवती आज शेते आहेत. ३८७ साली संत मोनिका ज्या ओस्तिया बंदरात आफ्रिकेच्या जहाजाची वाट पाहत निवर्तली, तेथून आता समुद्र सुमारे तीन किलोमीटर दूर गेला आहे. तिन्ही ठिकाणी नदीने आणलेल्या गाळाने किनारा पुढे ढकलला.

कळमनुरीची माती

गाळाचा हा हिशेब किनाऱ्यावरच संपत नाही. तो आतल्या मुलखात, जेथे समुद्र कोणाच्या स्वप्नातही येत नाही अशा गावांत सुरू होतो. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी हे असे एक गाव. ते वसईपासून साडेचारशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. तेथील शेतातून पावसाने वाहून नेलेली काळी माती कयाधू नदीत जाते, तेथून पैनगंगेत, मग वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाशी जो सुपीक त्रिभुज प्रदेश आहे, त्यात मराठवाड्याची आणि विदर्भाची माती मिसळली आहे. तेथील कोरिंगा हे एके काळचे मोठे बंदर १८३९ च्या चक्रीवादळाने मोडले, आणि पुढे नदीच्या गाळाने त्याची उरलीसुरली वाटही अडवली. काकीनाड्यासमोर वाळूचा एक लांबच लांब दांडा गेल्या दीड-पावणेदोनशे वर्षांत वाढला. त्याच्या आडोशाने काकीनाडा हे बंदर झाले.

मग हिशेब उलटा फिरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर धरणे झाली. पैठणचे जायकवाडी झाले, कळमनुरीजवळ पैनगंगेवर इसापूर झाले. ती धरणे दुष्काळी मुलखाला हवीच होती. पण पाण्याबरोबर मातीही धरणांच्या पोटात राहिली. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सरासरी १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत होती. १९९० च्या दशकात तो ६ कोटी टनांच्याही आत आला. माती मिळेनाशी झाल्यावर समुद्राने तेथील किनारा खाण्यास आरंभ केला. गाळ अतोनात झाला तर खाडी मरते, आणि अगदीच तुटला तर किनारा उपाशी राहतो. कळमनुरीच्या शेतकऱ्याला आणि गोदावरीच्या मुखाशी राहणाऱ्या मच्छीमाराला एकाच मातीने बांधले आहे. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नाही.

आजची वसई

आता पुन्हा आपल्या दारी येऊ. आपल्या किनाऱ्यावरही दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत आहेत. अर्नाळ्यापासून भुईगावापर्यंत कितीतरी ठिकाणी सुरूची बने लाटांनी उन्मळून पडली आहेत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय किनारपट्टी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांचा अभ्यास केला. महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा सुमारे पाव भाग झिजतो आहे, दहावा भाग वाढतो आहे आणि बाकीचा जवळजवळ स्थिर आहे, असे त्यात दिसून आले. किनारा एका जागी खचतो आणि दुसऱ्या जागी भरतो. त्यामुळे पुळणीवरची किंवा खाडीमुखातली वाळू उपसली म्हणजे ती फुकट मिळाली असे होत नाही. कडेकडेने सरकत जाऊन ती ज्या गावाला पोहोचायची होती, त्या गावाच्या वाट्यातून ती गेलेली असते. त्यात समुद्राची पातळी वाढते आहे. जगभरची सरासरी पाहता १९०१ पासून २०१८ पर्यंत ती सुमारे २० सेंटीमीटरने चढली, आणि चढण्याचा वेग वाढत आहे.

आतल्या बाजूला खाजणांचे काय झाले, हे वसईत राहणाऱ्यांना सांगावयास नको. जुना शेतकरी बांध घालून जमीन भरतीच्या पातळीलाच ठेवीत असे. पाऊस आला की ते शेत तळ्यासारखे भरे आणि उघाडीतून सावकाश रिकामे होई. आजचा भराव मातीचा आणि राडारोड्याचा आहे. तो पाण्याला जागाच ठेवीत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा आणि विरार कित्येक दिवस पाण्याखाली होते, रेल्वे बंद पडली होती, मिठागरांतील माणसांना सोडवून आणावे लागले होते. मुसळधार पाऊस हे त्याचे एक कारण. बाहेर भरती असताना आतले पाणी जिथे थांबायचे ती जागा आपण भरून टाकली, हे दुसरे. सोपाऱ्याची मेलेली खाडी पावसाळ्यात आपली जुनी वाट शोधीत येते, आणि त्या वाटेवर आता घरे आहेत.

गोड्या पाण्याचाही याच्याशी संबंध आहे. वसईचा हिरवा पट्टा समुद्राने टाकलेल्या वाळूच्या जुन्या उंचवट्यांवर उभा आहे. पावसाचे पाणी या वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी टिकते, असा भूजलशास्त्राचा ठोकताळा आहे. वरचे एक हात उपसले तर खालून चाळीस हात खारे पाणी वर सरकू पाहते. केळी आणि पानवेली यांच्या वाड्या त्या नाजूक तोलावर पिढ्यान्पिढ्या जगल्या. १९९० साली वसई-विरारच्या नियोजनाचा अधिकार सिडकोकडे गेला. त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, त्यात पाण्याचा आणि हिरव्या पट्ट्याचा प्रश्न केंद्रस्थानी होता. फादर २०२४ साली गेले. तो प्रश्न उरला आहे.

कायद्याने आपल्याला काही साधने दिली आहेत. १९९१ साली किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना निघाली. २०११ आणि २०१९ साली ती बदलली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली तिवरांच्या तोडीस आणि त्यांच्यावरील भरावास मनाई केली. तिवरांचे रान पडीक नाही, हे न्यायालयाला कळले; आपल्यापैकी अनेकांना, विशेषतः जमीन विकायला निघालेल्यांना, ते कळून घ्यावयाचे आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. खाडीच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. एका सातबाऱ्यावर भराव पडतो आणि पाणी शेजारच्या धर्मग्रामातील ओट्यावर चढते.

धर्मग्रामांच्या पातळीवर एक काम मात्र कायद्याची वाट न पाहता होऊ शकते. कोणत्या शेतात उधाणाचे पाणी येत असे, उघाडी कुठे होती, मचवा कुठल्या बांधापर्यंत लागत असे, कोणती विहीर कोणत्या वर्षी खारी झाली, हे सांगणारी सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. त्यांच्याकडून ते ऐकून, गावनकाशावर खुणा करून, चर्चच्या दप्तरी जपून ठेवावे. जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी आपण शतकानुशतके सांभाळल्या. पाण्याच्या वाटांचीही नोंद तितक्याच निष्ठेने व्हावयास हवी. उद्या एखाद्या खाजणावर भरावाचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेपुढे किंवा न्यायालयापुढे ठेवण्यास तो नकाशा उपयोगी पडेल. चार हुतात्म्यांची कबर आपण गमावली, कारण खाडीबरोबर सोपारा विस्मरणात गेला आणि त्याची नोंद ठेवणारे कोणी उरले नाही. उरलेल्या खाड्यांच्या बाबतीत नोंद ठेवणारे आपण आहोत.